सर्वांत खालचा मजला

आमच्या रविवारच्या खेळातल्या भुयाराचा नकाशा म्हणून पुण्यातल्या मंडईच्या मेट्रो स्थानकाचा उभा छेद मी आलेखाच्या कागदावर काढत होतो. पेन्सिलीनं, एक चौकोन म्हणजे दोन मीटर. सगळ्यात वर रस्ता आणि त्यावरच्या भाजीच्या गाड्या. खाली ड्रेनेजचे चेंबर. त्याच्याच आसपास कुठेतरी पेशवाईतला दगडी नळ. आणि तळाला बेसॉल्ट कापून काढलेले दोन गोल बोगदे. प्रत्येक थराशेजारी त्याचा काळ लिहून ठेवायची मला सवय आहे. लिहीत खाली आलो: १७५०, मग विसावं शतक, मग २०२४. तिथे पेन्सिल थांबली.

क्रम उलटा होता. पेशवे वर आणि आपण खाली.

हा खेळ ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण गेम मास्टर असतो, तो जग मांडतो. बाकीचे एकेक पात्र घेतात. ‘तुमच्यासमोर लोखंडी दार आहे, गंजलेलं,’ असं गेम मास्टर म्हणतो आणि विचारतो, ‘काय करता?’ जे नक्की सांगता येत नाही ते फासे ठरवतात. हे महिनोन्महिने चाललं की त्याला कॅम्पेन म्हणायचं. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी डंजन्स अँड ड्रॅगन्स छापला, तेव्हापासून या खेळाच्या पोटात एक भुयार आहे. त्याआधी आर्नेसन मित्रांना ब्लॅकमूर नावाच्या कल्पित किल्ल्याच्या तळघरांत उतरवत असे, आणि तो भाग मित्रांना इतका आवडला की किल्ल्याबाहेरची लढाई मागे पडली. डंजन हा शब्द तिथून रुजला. आपल्याकडे त्याला तळघर म्हणा, भुयार म्हणा. उतरायचं, शोधायचं, जिवंत वर यायचं.

या भुयारांचा एक पक्का नियम असतो: जितकं खोल, तितकं जुनं आणि तितकं घातक. पहिल्या मजल्यावर उंदीर आणि भुरटे चोर, पाचव्या मजल्यावर विस्मरणात गेलेली देवळं, दहाव्यावर ज्याचं नाव कुणी घेत नाही असं काहीतरी. पायऱ्या उतरणं म्हणजे भूतकाळात उतरणं. आपल्या मनातही हेच आहे. गडावर गेलं की वाट दाखवणारा माणूस एका बुजलेल्या भोकाकडे बोट करतो आणि सांगतो, ‘हे भुयार थेट अमुक गडाला निघतं.’ शनिवारवाड्यातून पर्वतीला जाणाऱ्या भुयाराची गोष्ट पुण्यात प्रत्येकानं ऐकलेली असते. दिवाळीत आम्ही मातीचा किल्ला करायचो, तेव्हा अळीव पेरायच्या आधी मी पोटातून एक भोक पाडायचो आणि पाठीमागच्या बाजूला काढायचो. मावळे कुठे उभे करायचे यावर भावंडांचं भांडण व्हायचं. मला फक्त ते भोक हवं असायचं. दिवाळी संपली की किल्ल्यावर पाणी ओतायचे आणि भोक ढासळताना बघवत नसे.

आमच्या कॅम्पेनसाठी जवळच्या भविष्यातलं भुयार करायचं ठरवलं, तेव्हा पहिल्यांदा मीही सगळ्यांसारखंच केलं. एक उंच मनोरा, निळे-गुलाबी दिवे, वरच्या मजल्यावर दुष्ट कंपनी. तीन रविवार खेळलो आणि चौथ्या रविवारी कुणालाच पुढे काय झालं ते आठवत नव्हतं. ते शहर आमचं नव्हतं. ज्या गल्लीत आपण कधी ओलं होऊन उभे राहिलो नाही, त्या गल्लीत पात्र मेलं काय नि जगलं काय, पोटात काही हलत नाही. मग मी तो कागद बाजूला ठेवला आणि खिडकीतून दिसतं ते शहर घेतलं.

पुण्याच्या पोटात भुयारी मेट्रो सुमारे सहा किलोमीटर धावते. शिवाजीनगर, जिल्हा न्यायालय, कसबा पेठ, मंडई, स्वारगेट अशी पाच स्थानकं. न्यायालय ते स्वारगेट हा टप्पा २०२४ च्या सप्टेंबरअखेर सुरू झाला. ज्या यंत्रांनी हे बोगदे खणले त्यांना मुठा, मुळा, पवना अशी नावं दिली होती, आणि न्यायालयापुढे बोगदा खरोखरच मुठा नदीच्या पात्राखालून जातो. नदीच्या नावाचं यंत्र नदीखालून गेलं, एवढंच एक वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं. न्यायालयाचं स्थानक जमिनीपासून सुमारे ३३ मीटर खोल आहे आणि त्याची रचना अशी की वरचा उजेड पार खालच्या फलाटापर्यंत पोचतो. दुपारी कधी गेलात तर सरकत्या जिन्यावरून मान वर करून बघा.

या सगळ्याच्या वरच्या थरांत जुनं पुणं. नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी दगडी नळातून शनिवारवाड्यापर्यंत आणलं. सात-आठ किलोमीटर, निव्वळ उतारावर, पंपाशिवाय. नळ कसला, माणूस आत शिरून चालेल एवढी ती बांधीव नाली आहे. ठिकठिकाणी तिला हवा खेळावी म्हणून उच्छ्वास आहेत आणि पेठापेठांतून हौद. काळा हौद, बदामी हौद, साततोटी हौद, तांबट हौद. यातली कित्येक नावं आता फक्त रिक्षावाल्यांच्या तोंडी आहेत. पाणी गेलं, पत्ता राहिला.

आता हा नकाशा २०६१ मध्ये नेऊन बघा. साल मी मुद्दाम निवडलं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं धरण गेलं आणि पुण्याच्या पेठांत पाणी शिरलं. माझी आजी त्या दिवसाबद्दल बोलताना पुरापेक्षा पुरानंतरचं जास्त सांगायची. घरात कंबरभर चिखल आणि नळाला थेंब नाही. ‘एवढं पाणी आलं आणि प्यायला काही नाही,’ हे वाक्य ती तसंच्या तसं दर वेळी म्हणायची. तिच्या त्या वाक्याला २०६१ मध्ये शंभर वर्षं होतील. माझ्या कॅम्पेनचं सगळं जग त्या एका वाक्यातून काढलेलं आहे.

जगबुडी मला नको होती. जवळच्या भविष्याची गोष्ट लिहिणारे फार लवकर जगबुडीकडे पळतात, आणि एकदा सगळं बुडालं की कुणाला जाब विचारायचा प्रश्नच उरत नाही. माझ्या पुण्यात २०४७ च्या पावसाळ्यात भुयारी स्थानकांत पाणी शिरतं. खोल स्थानकात झिरपा कायमच असतो, तो पंपांनी बाहेर काढावा लागतो. त्या वर्षी पंप बंद पडतात, दुरुस्तीच्या खर्चाचा अंदाज निघतो, फाइल फिरते, आणि दारावर पाटी लागते: ‘तात्पुरते बंद’. चौदा वर्षांनी पाटी तिथेच आहे. शहर वर नांदतं आहे. लोक लग्नं करतात, पोरं क्लासला जातात, टँकरची वाट बघतात. आणि पायाखाली सहा किलोमीटरचा एक देश अंधारात उभा आहे, ज्यात त्यांचे आईबाप रोज ये-जा करत होते.

म्हणून तो क्रम उलटा असणं मला इतकं लागलं. या भुयारात उतरणारा माणूस आधी पेशव्यांच्या नळातून सरपटतो, मग विसाव्या शतकाच्या गटारातून, आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात खोल, सगळ्यात धोक्याच्या मजल्यावर पोचतो तेव्हा तिथे आपण आहोत. आपली तिकीटयंत्रं, आपल्या जाहिराती, आपण भिंतीला टेकून उभे राहिलो त्या जागेवरचे डाग. देऊळ नाही, राक्षस नाही. तळघराच्या तळाशी २०२६ साल.

हे कळल्यावर काम अवघड झालं. पेशव्यांचा खजिना कुणीही लिहील. आपण मागे काय ठेवून जाणार, हे लिहायला मात्र हात चालेना.

आधी सोपं सांगतो. बोगदा म्हणजे सरळ रेघ, आणि सरळ रेघेचं भुयार वाईट. पात्रं एका टोकाला शिरतात, दुसऱ्या टोकाला निघतात, मधे गेम मास्टर जे दाखवेल ते बघतात. असं खेळाडूंना एकाच वाटेनं हाकण्याला या खेळात रेलरोडिंग म्हणतात, आणि माझ्याकडे तर खरोखरची रेल्वे होती. या दुखण्यावरचं औषध या खेळाची भुयारं रचणाऱ्या जेनेल जॅक्वेज यांनी १९७० च्या दशकातच दाखवून दिलं होतं. त्यांच्या नकाशांत वाटा फिरून स्वतःलाच मिळतात, एका मजल्यावरून दुसऱ्यावर जायला तीन-चार रस्ते असतात, आणि कुठून शिरायचं हे खेळणारे ठरवतात. २०२४ च्या जानेवारीत त्या गेल्या, तेव्हा जगभरच्या गेम मास्टरांनी आपापल्या वह्या उघडल्या असतील. मला त्यांची वाट मेट्रोनंच दिली. बोगदे दोन असतात, जाणारा आणि येणारा, आणि संकटात प्रवाशांना एकातून दुसऱ्यात जाता यावं म्हणून मधे जोडमार्ग असतात. मी नकाशात अडीचशे मीटरला एक धरला. झाली जाळी तयार. वरून उच्छ्वास, चेंबर, हवा खेळवण्याची धुराडी आणि स्थानकांचे जिने. एका रविवारी माझ्या इंजिनियर मित्रानं नकाशा बघितला आणि त्याच्या दहावीतल्या मुलाला म्हणाला, ‘बघ, जीव वाचवायला काढलेल्या वाटा आहेत या सगळ्या.’

दुसरी अडचण उजेडाची. जुन्या खेळात वेळ दहा-दहा मिनिटांच्या डावांत मोजायचे. मशाल सहा डाव टिकायची. मशाल विझायच्या आत परत फिरायचं, हा सगळा थरार त्या मशालीत होता. २०६१ मध्ये प्रत्येकाच्या मनगटावर दिवा. अंधाराची भीतीच गेली. मग मी मशालीच्या जागी हवा ठेवली.

इथे मला खेळ थांबवून बोलायचं आहे, कारण ही गोष्ट मी कुठून घेतली ते लपवणं बरं नाही. गटारात साचणारा हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो, तळाला बसतो. थोडा असला की सडक्या अंड्याचा वास येतो. जास्त झाला की वास घेणारी नसच बधिर होते आणि वास येईनासा होतो. माणसाला वाटतं, हवा साफ झाली. त्यानंतर फार वेळ मिळत नाही. हाताने मैला साफ करायला माणूस लावण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ सालचा आहे, आणि त्यानंतरही चेंबरमध्ये उतरलेली माणसं, त्यांना काढायला उतरलेला भाऊ, त्याच्यामागे उतरलेला शेजारी, अशा बातम्या आपण वाचल्या आहेत. आमच्या सोसायटीशेजारी एकदा असं चेंबर उघडलं होतं. कमरेला नुसता दोर बांधलेला मुलगा काठावर बसून बूट काढत होता. बूट नीट जोडीनं ठेवून तो उतरला. तो वर आला, सुखरूप आला. पण ते जोडीनं ठेवलेले बूट मला गेली कित्येक वर्षं दिसतात.

म्हणून माझ्या खेळात एकच नियम लिहिलेला नाही आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. खालच्या मजल्यांवर वर्णन करताना मी दर वेळी वासाचा उल्लेख करतो. ‘भिंतीला शेवाळ, पायाखाली गाळ, अंड्याचा वास.’ ‘वळणावर पाईप फुटलाय, वास वाढलाय.’ आणि जिथे मरण आहे, तिथे मी वासाबद्दल काही बोलत नाही. पहिल्यांदा हे कुणाच्या लक्षात आलं नाही आणि एक पात्र गेलं. दुसऱ्या खेपेला मी जोडमार्गाचं वर्णन करत होतो, छान स्वच्छ फरशी, कोरड्या भिंती, आणि दहावीतला मुलगा खुर्चीतून अर्धा उठला. ‘काका, वास?’ मी गप्प. ‘मागे फिरा,’ तो ओरडला, ‘सगळे मागे!’ टेबलावर पाच सेकंद कुणी श्वास घेतला नसावा.

वेळ मोजायला मला दहा मिनिटांचा डाव परका वाटत होता. आपल्याकडे घटका आहे, चोवीस मिनिटांची. तळाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यावर सोडायची, ती भरून बुडाली की घटका झाली. पूर्वी लग्नाचा मुहूर्त असाच मोजायचे. तांबट आळीत जाऊन मी पितळेची एक लहान वाटी घेतली आणि तिथल्याच एका कारागिराकडून भोक पाडून घेतलं. घरी आणून पातेल्यात सोडली तर तीन मिनिटांत तळाला. परत गेलो. त्यांनी भोकात कथिलाचा थेंब टाकला, सुईनं पुन्हा टोचलं, वाटी उजेडाकडे धरून बघितली आणि म्हणाले, ‘आता जाईल वीस-पंचवीस मिनिटं.’ बावीस जाते. मी तेवढ्यावर समाधान मानलं. आता खेळताना टेबलाच्या मध्यावर पाण्याचं पातेलं असतं आणि त्यात ती वाटी हळूहळू खाली जात असते. बुडताना ‘टक्’ असा अगदी बारीक आवाज होतो. तो आला की मी फासा टाकतो आणि अंधारात काय हललं ते बघतो. बोलता बोलता सगळ्यांचे डोळे त्या वाटीकडे जातात. शब्दांनी जे मला कधी जमलं नसतं ते ती वाटी करते.

अंधारात काय हलतं? घुशी, वटवाघळं, वरून हाकललेली माणसं. आणि एक यंत्र. तिरुवनंतपुरमच्या जेनरोबोटिक्स कंपनीनं २०१८ मध्ये चेंबर साफ करणारा रोबो आणला, माणसाला आत उतरावं लागू नये म्हणून. त्याचं नाव बँडिकूट, म्हणजे आपली घूस. मी त्याची पणती कल्पिली: स्वतः वाट काढणारी, गाळ उपसणारी, २०४७ मध्ये मागे राहिलेली. तिला कुणी थांब म्हणून सांगितलेलं नाही. चौदा वर्षं ती एकच दोनशे मीटर साफ करते आहे, आणि वाटेत येईल ते गाळ समजून उचलते. खेळणाऱ्यांनी पहिल्यांदा तिच्यापासून पळ काढला, दुसऱ्यांदा तिला पाडायचा बेत केला. तिसऱ्यांदा कुणीतरी विचारलं की दोनशे मीटर बोगदा एवढा स्वच्छ कसा. मग त्यांनी तिची दुरुस्ती केली. त्या रात्री एकही लढाई झाली नाही आणि रात्री दीडपर्यंत कुणी उठलं नाही.

खजिना म्हणजे पाणी, हे एव्हाना तुमच्या ध्यानात आलंच असेल. जुन्या खेळात अनुभवाचे गुण मुख्यतः सोन्यावर मिळत. जितकी नाणी वर आणाल तितके तुम्ही शिकलात. ओझंसुद्धा नाण्यांच्या वजनातच मोजत. माझं काम त्याहून सोपं झालं. एक लिटर म्हणजे एक किलो. वीस लिटरचा कॅन घेतलेला माणूस उच्छ्वासातून चढू शकत नाही. हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही, कारण आमच्यापैकी प्रत्येकानं लिफ्ट बंद असताना कॅन घेऊन जिना चढलेला आहे.

आणि मग हौद. वर आणलेलं पाणी जातं कुठे? तर पेठेच्या हौदात. प्रत्येक हौदाची एक समिती, समितीचा एक चावीवाला, आणि चाव्यांचं राजकारण. मला हे फार आवडलं होतं. मी सहा हौद लिहिले, सहा समित्या, त्यांची भांडणं, त्यांचे सण. पहिल्याच रविवारी आमच्यातली एक मैत्रीण, शाळेत शिकवते ती, हौदापाशी आली. तिचं पात्र म्हणजे ड्रेनेज खात्यात खपलेल्या माणसाची मुलगी, सखू नाव. मी म्हटलं, ‘समितीचा माणूस चावी फिरवतो. तू हंडा लावतेस.’ तिनं हंडा लावला नाही. तिनं मला विचारलं, ‘लावू देतील?’

मी काहीतरी बोललो. २०६१ आहे वगैरे. ती शांतपणे म्हणाली, ‘माझी आजी विहिरीपासून लांब उभी राहायची. कुणीतरी वरून ओतलं तर पाणी. तू सहा हौद लिहिलेस, सहा समित्या लिहिल्यास. पाणी कमी झालं की पहिल्यांदा कुणाला लांब उभं करतात, ते कुठे लिहिलंयस?’

लिहिलं नव्हतं. मी भविष्य लिहायला बसलो होतो आणि त्यातून नेमकं तेवढंच गाळलं होतं, जे माझ्या घरच्यांना कधी सोसावं लागलं नाही. त्या रात्री खेळ तिथेच थांबवला. पुढचे दोन आठवडे मी सहाही हौद पुन्हा लिहिले. पुण्यात या प्रश्नाचं उत्तर देणारा हौद होऊन गेलेला आहे: १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. गंज पेठेतला तो हौद माझ्या नकाशावर नव्हताच. तो मी घातला. २०६१ च्या खेळात तिथे समिती नाही, चावी नाही, आणि म्हणून तो सगळ्यात आधी आटतो. खालून आणलेलं पाणी तिथे ओतायचं की जिथे भाव मिळेल तिथे, हा प्रश्न आता प्रत्येक फेरीच्या शेवटी टेबलावर येतो. नियम काहीच सांगत नाहीत. एकदा त्यांनी चाळीस लिटर विकलं आणि पुढच्या रविवारी चौघांपैकी कुणी त्याबद्दल बोलेना. सखूनं त्या दिवसापासून आपल्या वाट्याचं पाणी नेहमी एकाच ठिकाणी ओतलं आहे.

गेल्या महिन्यात ते न्यायालयाच्या स्थानकात पोचले. नदीखालच्या बोगद्यातून, गळ्यापर्यंतच्या पाण्यातून, शेवटच्या दोन घटका उरलेल्या असताना. मी हे वर्णन आधी लिहून ठेवलं होतं, पण वाचलं नाही, तसंच सांगितलं. पंप नाहीत, त्यामुळे चौदा वर्षांचा झिरपा साचला आहे. फलाट नाही, रूळ नाहीत, नुसतं पाणी, आणि त्यात उतरत गेलेले जिने. वरून, तीस मीटरवरून, दुपारचं ऊन खाली आलं आहे. पाणी हिरवं आहे आणि तळापर्यंत दिसतं. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग इंजिनियर मित्र म्हणाला, ‘ही तर बारव आहे.’

खरंच आहे. पायऱ्या, खोल पाणी, वरून उजेड. मला हे सुचलं नव्हतं. मी बुडालेलं स्थानक लिहिलं होतं, त्यानं बारव बघितली. तिथून पुढे त्यांनी त्या जागेला दुसरं नाव घेतलं नाही, आणि मीही वहीत स्थानक खोडून बारव लिहिलं.

एक खोली उरली होती. बारवेच्या काठाला, पाण्याच्या वर उरलेल्या सर्वांत खालच्या मजल्यावरची. हरवलेल्या वस्तूंची खोली. नकाशात तिचा क्रमांक ४७. पुढच्याच रविवारी ते तिचं दार फोडणार हे मला दिसत होतं आणि तिच्यात काय आहे ते माझ्याजवळ नव्हतं. हेल्मेट, डबे, इयरफोन, एका पायातली चप्पल, कॉलेजचं ओळखपत्र, एवढं लिहून झालं. सगळं खरं होतं आणि कशातच जीव नव्हता. शनिवारी रात्री मी टेबलावर वही उघडून बसलो होतो. आई भाजी निवडत समोर बसली. तिला हा खेळ कळत नाही आणि कळून घ्यायचाही नाही, पण गेली दोन वर्षं दर रविवारी पातेल्यात पाणी तीच भरून ठेवते. मी तिला विचारलं, ‘आई, तुझं गाडीत, बसमध्ये काय हरवलंय?’

तिनं भाजीतून मान वर केली नाही. ‘छत्री,’ ती म्हणाली. ‘तीन छत्र्या. एकीवर नाव होतं.’ पूर्वी छत्रीवर पांढऱ्या रंगानं नाव घालून मिळायचं, तसं. काळं कापड, आतल्या बाजूला नाव आणि खाली गावाचं नाव. नोकरीच्या पहिल्या पावसाळ्यात स्वतःच्या पैशानं घेतलेली, आणि तीन महिन्यांत पीएमटीत राहिली. ‘अजून वाटतं बघ,’ ती म्हणाली, ‘कुणी तरी उघडली असेल तर नाव वाचलं असेल.’

रविवारी त्यांनी दार फोडलं. मी हेल्मेटं सांगितली, डबे सांगितले, चप्पल सांगितली. शेवटी कोपऱ्यात उभी एक काळी छत्री. स्वयंपाकघरात नळ चालू होता, तो बंद झाल्याचं मला ऐकू आलं.

‘उघडून बघू?’ दहावीतला मुलगा म्हणाला.

‘कापड कुजलेलं आहे,’ मी म्हटलं. ‘जपून उघडावी लागेल. टाक फासा.’